अभ्यासाचा मूड नाही म्हणजे नेमकं काय नाहीये?

"मोटिव्हेशनच येत नाहीये" हे वाक्य युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या मुलामुलींच्या तोंडून सारखं ऐकू येतं, आणि त्यावर मिळणारी उत्तरंही ठरलेली असतात, एखादा व्हिडिओ बघ, टाइमटेबल कर, घरच्यांचे कष्ट आठव, मोबाइल लांब ठेव. या उत्तरांनी एखाद दिवस उसनं अवसान येतं आणि मग परत तेच, पुस्तक उघडं आणि आपण भलतीकडेच. मला विचाराल तर ही उत्तरं अगदीच चुकीची नाहीत, पण घोडं नेमकं कुठं अडलंय हे कुणी आधी विचारतच नाही. कारण "मूड नाही" या दोन शब्दांच्या खाली चार-पाच अगदी वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात, एकीवरचा उपाय दुसरीवर चालत नाही, आणि कधी कधी तर उलटाच पडतो.

मानसशास्त्रात यावर भरपूर काम झालंय आणि त्यातली एक मांडणी मला सगळ्यात उपयोगाची वाटते. पीअर्स स्टील आणि कॉर्नेलियस क्योनिग या दोघांनी ती २००६ साली मांडली, आणि २००७ मध्ये स्टीलनं चालढकलीवरच्या आधीच्या सगळ्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला त्यातही ती आहे. मांडणी एका अपूर्णांकाची आहे. वर दोन गोष्टी, एक म्हणजे "हे मला जमेल का" आणि दुसरी म्हणजे "जमलं तर मला त्याचं काय", आणि या दोघींचा गुणाकार. खाली पण दोन गोष्टी, "याचं फळ मिळायला किती वेळ आहे" आणि "समोरच्या मोहाला मी किती पटकन भुलतो". वरचा आकडा मोठा तर काम करावंसं वाटतं, खालचा मोठा तर वाटत नाही. बस, एवढंच.

आता यात गुणाकार आहे ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, बेरीज नाहीये. समजा एखाद्या मुलीला डिग्रीचं महत्त्व दहापैकी दहा वाटतंय, पण आपल्याला हा पेपर सुटेल असा विश्वास शून्य आहे, तर दहा गुणिले शून्य किती होतात? शून्यच. आणि अशा वेळी घरचे, मित्र, सर, सगळे मिळून तिला सांगत बसतात की बाई गं डिग्री किती महत्त्वाची आहे, आयुष्याचा प्रश्न आहे. अहो ते तिला माहितीये, तिथं दहापैकी दहा आधीच आहेत, म्हणून तर ती रात्र रात्र जागी आहे. तिचं अडलंय "जमेल का" वर आणि सगळे दाबतायत "महत्त्व" वर, त्यानं फक्त भीती वाढते.

याच अपूर्णांकातून दुसरी एक गोष्ट लख्ख कळते, परीक्षेच्या आदल्या रात्री एवढा जोर कुठून येतो ती. तीन महिने ज्या पुस्तकाकडं बघवत नव्हतं ते आपण एका रात्रीत पालथं घालतो, आणि मग स्वतःलाच म्हणतो की मी आळशी आहे, जमत असून करत नाही. पण त्या रात्री तुमच्यात काही बदललेलं नसतं, बदललेला असतो खालचा आकडा. रिझल्ट तीन महिने लांब होता तेव्हा त्याची किंमत आज जवळजवळ काही नव्हती, तो काही तासांवर आला आणि किंमत एकदम वर गेली. ही माणसाच्या मनाची ठेवणच आहे, लांबचं मोठं फळ आपल्याला जवळच्या छोट्या फळापेक्षा लहान दिसतं. आणि युनिव्हर्सिटीत तर सगळंच लांब असतं. शाळेत रोज गृहपाठ तपासला जायचा, दर आठवड्याला काहीतरी चाचणी, कुणीतरी ओरडणारं, कुणीतरी शाबास म्हणणारं. इथं अख्ख्या सेमिस्टरमध्ये एक-दोन वेळाच कळतं की आपण कुठं आहोत. म्हणजे शाळेत हुशार असलेला मुलगा इथं येऊन अचानक बिघडला असं नसतं, त्याच्या भोवतीची जी रचना त्याला रोज हलवत होती ती काढून घेतली गेली आणि तिच्या जागी काय उभं करायचं ते कुणी शिकवलं नाही.

तर मग एकेक बघू, पण सगळ्यांना सारखा वेळ देणार नाहीये मी, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त मुलं अडकतात ती "जमेल का" या पहिल्याच प्रश्नावर, आणि त्यांना स्वतःलाच ते माहीत नसतं. वरून ते कंटाळ्यासारखं दिसतं. "बोअर होतंय यार" असं आपण म्हणतो ते बरेचदा "समजत नाहीये आणि त्याची भीती वाटतेय" याचंच दुसरं रूप असतं. स्वतःला एक प्रश्न विचारून बघा, जो विषय बोअर होतोय त्यातला जो एखादा टॉपिक तुम्हाला नीट येतो तो करताना पण तेवढाच कंटाळा येतो का? बहुतेक वेळा नाही येत. मग तो कंटाळा नव्हताच.

हा विश्वास जातो कसा? एक कारण म्हणजे तुलना. हर्बर्ट मार्श नावाच्या संशोधकानं १९८४ पासून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवलीये, सारख्याच कुवतीची दोन मुलं घ्या, एक साध्या वर्गात आणि एक हुशार मुलांनी भरलेल्या वर्गात, तर हुशार वर्गातल्या मुलाचं स्वतःबद्दलचं मत जास्त वाईट असतं. २००३ मध्ये त्यानं आणि कित-ताई हाऊ यांनी हेच २६ देशांतल्या विद्यार्थ्यांमध्ये तपासलं आणि चित्र तेच आलं. युनिव्हर्सिटी म्हणजे काय तर ठिकठिकाणच्या वर्गातली पहिली-दुसरी आलेली मुलं एका खोलीत आणून बसवलेली. त्यात अर्धी मुलं अर्ध्याच्या खाली असणार हे साधं गणित आहे, पण आयुष्यात पहिल्यांदा खाली गेलेल्या मुलाला ते गणित दिसत नाही, त्याला वाटतं आपली हुशारी खोटीच होती. तुमची कुवत कमी झालेली नाही, मोजपट्टी बदललीये. हे नुसतं माहीत असलं तरी छातीवरचं ओझं थोडं हलकं होतं.

दुसरं कारण जास्त व्यवहारातलं आहे, आपण अभ्यास ज्या पद्धतीनं करतो तीच पद्धत आपल्याला फसवते. बहुतेक जण वाचतात, परत वाचतात, हायलायटर मारतात, परत वाचतात. तिसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि आपल्याला वाटतं आलं. मग पेपरात प्रश्न समोर येतो आणि काही सुचत नाही, आणि मनात पक्कं बसतं की "एवढा अभ्यास करून पण मला येत नाही म्हणजे मी ढच". रोज गाडीच्या मागच्या सीटवर बसून जाणाऱ्या माणसाला रस्ता पाठ आहे असं वाटतं, आणि एक दिवस हँडल त्याच्या हातात आलं की तो पहिल्याच वळणावर थांबतो, तसंच आहे हे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांचा २००६ चा एक प्रयोग यावर अगदी नेमका आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटानं एक उतारा चार सेशनमध्ये परत परत वाचला, दुसऱ्या गटानं एकाच सेशनमध्ये वाचला आणि नंतरच्या तीन सेशनमध्ये न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर नुसतं वाचणारे पुढं होते, ८३ टक्के विरुद्ध ७१ टक्के. आठवड्यानं घेतली तर वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं आणि लिहून काढणाऱ्यांना ६१ टक्के. त्यातही बघा, नुसतं वाचणाऱ्यांनाच आधी जास्त खात्री होती की आपल्या चांगलं लक्षात राहील. म्हणजे जी पद्धत आतून चांगली वाटते ती आठवड्यानं दगा देते आणि जी करताना आपण मठ्ठ असल्यासारखं वाटतं तीच टिकते. याचा मोटिव्हेशनशी काय संबंध? अहो सरळ संबंध आहे, मेहनत करून पण हाती काही लागत नाही असं दोन-तीनदा झालं की कुणाचंही मन उडणारच, आणि त्याला आळस म्हणणं हा त्या मुलावर अन्याय आहे.

मग करायचं काय ते जरा जवळून सांगतो. समजा स्टॅटिस्टिक्स आहे, पाच-सहा लेक्चर डोक्यावरून गेलीयेत, पुस्तक उघडलं की पोटात गोळा येतो. आज अख्खं चॅप्टर संपवायचं हे डोक्यातून काढून टाका. एकच सोडवलेलं उदाहरण निवडा. त्याचा फक्त प्रश्न दिसेल असं खालचं सगळं उत्तर वहीनं झाका. कोऱ्या कागदावर लिहा, दिलंय काय, काढायचंय काय. मग पहिली पायरी स्वतः लिहायचा प्रयत्न करा, चुकली तरी चालेल पण काहीतरी लिहाच. नाही सुचलं तर वही एकच ओळ खाली सरकवा, ती ओळ बघा, परत झाका आणि पुढची स्वतः. असं करत खाली गेलात की एक मजेशीर गोष्ट लक्षात येते, तुमचं सगळीकडे अडत नाहीये, एका ठरावीक जागी अडतंय. आणि ती जागा बरेचदा या चॅप्टरमधली नसतेच, मागच्या वर्षीची असते. इंटिग्रेशन विसरलेलं असतं, किंवा समेशनचं, म्हणजे बेरजेचं, चिन्ह दिसलं की डोळे पुढं पळतात कारण ते कधी नीट बसलंच नव्हतं. आता "स्टॅट्स माझ्या डोक्याबाहेरचं आहे" आणि "मला समेशन एकदा नीट करायला लागेल" या दोन वाक्यांत किती फरक आहे बघा. पहिल्यावर काहीच करता येत नाही, दुसरं काम एका संध्याकाळचं आहे. हेच इतिहास किंवा सोशिऑलॉजीसारख्या विषयात करायचं तर नोट्स मिटवा आणि पाच ओळींत लिहा की हा लेखक म्हणतोय काय आणि कशाच्या जोरावर म्हणतोय, तीन ओळींनंतर पेन थांबलं की तीच तुमची जागा.

आणि काम लहान तोडायचं म्हणतात ना, ते नुसतं बोलायचं वाक्य नाहीये, त्याला चांगला आधार आहे. अल्बर्ट बंडुरा आणि डेल शंक यांनी १९८१ मध्ये गणितात कच्च्या असलेल्या लहान मुलांवर प्रयोग केला होता. वजाबाकीची ४२ पानं, सात बैठका. काहींना सांगितलं दर बैठकीत निदान सहा पानं करा, काहींना सांगितलं शेवटपर्यंत ४२ पानं करा, आणि काहींना ध्येय असं काही दिलंच नाही. काम सगळ्यांचं सारखंच. पण सहा-सहा पानं धरून चाललेली मुलं जास्त शिकली, त्यांचा स्वतःवरचा विश्वास वाढला, आणि नंतर मोकळं सोडल्यावर त्यांनी आपणहून जास्त वजाबाक्या केल्या. हे शेवटचं मला फार मोलाचं वाटतं. आवड आधी होती म्हणून ती करत नव्हती, जमायला लागलं म्हणून आवड आली. आपण उलटं धरून बसतो, आधी इंटरेस्ट येऊ दे मग बसतो म्हणतो, आणि इंटरेस्ट वाट बघून येत नाही.

आता दुसरी बाजू, "मला याचं काय". इथं अडलेली मुलं वेगळी असतात. त्यांना जमत असतं, मार्कही पडत असतात, पण आतून सगळं पोकळ वाटतं, नुसत्या पाट्या टाकणं चाललेलं असतं. ही कोर्स निवडतानाची गोष्ट असू शकते, घरच्यांनी निवडला, मार्कांनी निवडला, मित्र गेला म्हणून गेलो. पण कधी कधी मूळची आवड खरी असते आणि मार्कांनी ती मारलेली असते. एडवर्ड डेसीनं १९७१ मध्ये कॉलेजच्या मुलांना तुकडे जोडायची कोडी सोडवायला दिली. एका गटाला मधल्या एका सेशनमध्ये सुटलेल्या प्रत्येक कोड्यामागं पैसे दिले, दुसऱ्या गटाला काहीच नाही. मग पैसे बंद केले आणि मधल्या मोकळ्या वेळात कोण कोड्यांना हात लावतं ते गुपचूप बघितलं. पैसे मिळालेल्या मुलांचा कोड्यांमधला वेळ कमी झाला. आधी जे मजा म्हणून करत होती ते आता पैशाशिवाय कशाला करायचं असं झालं. पुढं १९९९ मध्ये डेसी, रिचर्ड रायन आणि रिचर्ड कोस्टनर यांनी असे १२८ अभ्यास एकत्र करून पाहिले, मुळात आवडणाऱ्या कामासाठी आधीच कबूल केलेलं बक्षीस त्या कामाची आतली आवड कमी करतं असंच निघालं, मनापासून केलेल्या कौतुकानं मात्र ती वाढते. म्हणून "पाच पानं वाचली की एक एपिसोड" असली बक्षिसं स्वतःला देताना जरा जपून. जिथं मुळातच काही रस नाही तिथं ती ठीक आहेत, कसंतरी ढकलायचंय ते ढकलतात, पण जो विषय तुम्हाला मनापासून आवडतो त्याला असल्या सौद्यात ओढू नका.

रस नसलेल्या विषयात थोडा रस आणता येतो का? येतो, आणि उपाय इतका साधा आहे की लोक हसतात. २००९ मध्ये ख्रिस हलमन आणि ज्युडिथ हॅराकिविच यांनी शाळेतल्या सायन्सच्या मुलांना सेमिस्टरभर मधूनमधून लिहायला लावलं, काहींनी शिकवलेल्याचा सारांश लिहिला, काहींनी लिहिलं की याचा माझ्या आयुष्याशी काय संबंध आहे. ज्या मुलांना आपण या विषयात मागं पडू असं वाटत होतं, नेमका त्यांचाच रस आणि त्यांचेच मार्क दुसऱ्या प्रकारच्या लिखाणानं वाढले. पण हे स्वतः शोधून लिहायला लागतं, सरांनी येऊन "हे तुम्हाला पुढं फार उपयोगी पडणार आहे" असं सांगितलं तर ते एका कानानं आत आणि दुसऱ्यानं बाहेर. आठवड्यातून एकदा, पाच-सात ओळी, या आठवड्यात शिकलेलं कुठं दिसतं मला? खोटं खोटं लिहू नका, नाहीच दिसलं तर तसं लिहा.

आता अपूर्णांकाच्या खालची बाजू, लांब असलेलं फळ आणि समोरचा मोह. यावर बोलणारे खूप आहेत म्हणून मी कामापुरतंच बोलतो. डॅन एरिएली आणि क्लाउस वेर्टेनब्रोख यांनी २००२ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात एका वर्गाला तीन पेपर लिहायचे होते आणि डेडलाइन ज्याची त्यानं ठरवायची होती, चुकली तर मार्क कापणार. शहाणपण असं की सगळ्यांनी शेवटचा दिवस निवडावा, कारण आधीची तारीख घेऊन काही जास्त मिळणार नव्हतं. पण बऱ्याच मुलांनी स्वतःहून आधीच्या तारखा घेतल्या, त्यांना आपला स्वभाव माहीत होता. तरीही ज्या दुसऱ्या वर्गाला बाहेरून सारख्या अंतरानं डेडलाइन लादल्या होत्या त्यांचे मार्क जास्त आले. याचा अर्थ मी असा घेतो की मनातल्या मनात ठरवलेली तारीख ही तारीखच नसते. ती दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्यायला लागते. दर शुक्रवारी संध्याकाळी मैत्रिणीला त्या आठवड्याचा टॉपिक दहा मिनिटांत समजावून सांगायचा, तिनं प्रश्न विचारायचे, एवढं ठरवलं तरी तीन महिने लांबची परीक्षा शुक्रवारवर येते. ग्रुप स्टडीच्या नावाखाली तासन्‌तास गप्पा होतात तसं नाही, एक तारीख, एक टॉपिक, समजावून सांगणं, झालं.

आणि ठरवायचं ते "उद्या अभ्यास करीन" असं ठरवू नका, ते ठरवणं नसतंच. पीटर गोलवित्झर आणि व्हेरोनिका ब्रांडस्टेटर यांनी १९९७ मध्ये दाखवलं की सुट्टीत एक रिपोर्ट लिहून पाठवायचं काम ज्यांनी "नेमकं कधी आणि कुठं बसून लिहीन" हे आधीच कागदावर लिहिलं त्यांच्यापैकी बहुतेकांनी ते वेळेत केलं, आणि नुसता इरादा असलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांशांनीच. म्हणजे वाक्य असं पाहिजे, "चारचं लेक्चर सुटलं की लायब्ररीच्या दुसऱ्या मजल्यावर जाऊन बॅगेतून तो एकच कागद काढीन आणि दुसरं उदाहरण झाकून सोडवीन." जागा, वेळ, पहिली हालचाल. कारण त्या क्षणी विचार करायची वेळ आली की मोह जिंकतो, विचार आधीच होऊन गेलेला असला की पाय आपोआप तिकडं वळतात. मोबाइलचं पण तेच, तो पालथा घालून टेबलावर ठेवणं म्हणजे दर मिनिटाला स्वतःशी भांडण उकरून काढणं, दुसऱ्या खोलीत किंवा बॅगेच्या तळाशी गेला की भांडण संपतं.

सवय लागायला २१ दिवस लागतात असं कुणीतरी सांगतंच, ते मनावर घेऊ नका. फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये खरोखर मोजलं, ९६ लोक, १२ आठवडे, रोजची एक छोटी सवय. मधला आकडा ६६ दिवस निघाला पण माणसागणिक तो १८ पासून २५४ पर्यंत होता, यातले १२ आठवड्यांच्या पुढचे आकडे गणितानं काढलेले अंदाज आहेत. आणि त्यात एक दिलासा देणारी गोष्ट अशी की एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा फरक पडला नाही. तरी आपण काय करतो, एक दिवस चुकला की "गेलं सगळं, आता सोमवारपासून नव्यानं".

हे सोमवारपासूनचं जे आहे ना, त्याच्या मागं अपराधीपणा असतो आणि त्यावर मला थोडं जोरात बोलायचंय. टिम पिचिल आणि फुशिया सिरोइस हे दोघं बरीच वर्षं सांगतायत की चालढकल हा वेळेच्या नियोजनाचा प्रश्न नाही, तो भावनांचा प्रश्न आहे. आपण कामापासून पळत नाही, कामाजवळ गेल्यावर जे वाटतं त्यापासून पळतो, भीती, लाज, आपण कमी आहोत ही जाणीव. आता टाळलं की लाज अजून वाढते, लाज वाढली की पुस्तकाजवळ जाणं अजून जिवावर येतं, मग परत टाळतो. म्हणजे स्वतःला शिव्या घालून कुणी अभ्यासाला लागत नाही, तो अजून लांब जातो. मायकेल वोल, पिचिल आणि शॅनन बेनेट यांनी २०१० मध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर हे तपासलं, पहिल्या परीक्षेच्या आधी चालढकल केलेल्यांपैकी ज्यांनी स्वतःला माफ केलं होतं त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या आधी कमी चालढकल केली. आपल्याकडं माफ करणं म्हणजे सूट देणं असं समजतात, तसं नाहीये ते. "हो, मी तीन आठवडे काही केलं नाही, ते झालं, आता आज दुपारी काय करायचं" इतकं बोलून पुढं जाणं म्हणजे माफ करणं. त्या तीन आठवड्यांचा हिशेब रोज नव्यानं मांडत बसलात तर चौथा आठवडा पण त्यातच जाईल.

एकटेपणाबद्दल कमी बोललं जातं. विन्सेंट टिंटोनं १९७५ मध्ये मुलं शिक्षण अर्धवट का सोडतात यावर जी मांडणी केली त्यात मार्कांइतकंच वजन त्यानं या गोष्टीला दिलं की मुलाला तिथं आपलं असं कुणी वाटतं का. ओळखीचा एक सीनियर, नावानं हाक मारणारे एक मॅडम, डबा शेअर करणारी दोन माणसं, एवढ्यानं फरक पडतो. २०११ मध्ये ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाच्या मुलांना साधारण तासभर सीनियर्सचे अनुभव वाचायला दिले, की सुरुवातीला आपण इथले नाही असं सगळ्यांनाच वाटतं आणि हळूहळू ते जातं, आणि मग त्यांना स्वतःच्या शब्दांत त्यावर लिहायला लावलं. कृष्णवर्णीय मुलांचे मार्क पुढची तीन वर्षं त्यामुळं वाढलेले दिसले. एका तासाचा एवढा परिणाम का झाला असेल? कारण त्याआधी ती मुलं प्रत्येक लहानसहान अपमानाचा अर्थ "मी इथला नाही" असा लावत होती, नंतर तोच अपमान "सगळ्यांचंच होतं असं" इतपत राहिला. वर्गात एकटं बसणाऱ्या मुलाशी बोलायला जाणं किती मोठं काम आहे ते यावरून लक्षात घ्या, आणि तो एकटा मुलगा तुम्हीच असाल तर सगळ्यात सोपी सुरुवात म्हणजे शेजारच्याला कालच्या लेक्चरमधली एक शंका विचारणं, मैत्री मागायला संकोच वाटतो पण शंका विचारायला फारसा वाटत नाही.

एक गोष्ट मात्र वरच्या कुठल्याच उपायात बसत नाही. नुसता अभ्यासच नाही तर आवडतं गाणं, मित्र, खेळ, कशातच जीव रमत नाहीये, झोप उडालीये किंवा उठवतच नाही, भूक बदललीये, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त रोजचं झालंय, तर ते मोटिव्हेशनचं प्रकरण नाही, ते डिप्रेशन असू शकतं आणि त्याला डॉक्टर किंवा काउन्सेलर लागतो, टाइमटेबल नाही. जगणंच नको असे विचार येत असतील तर दोन आठवडे पण थांबू नका, आजच्या आज जवळच्या माणसाला सांगा आणि त्याला सोबत घेऊनच डॉक्टरकडं जा. अशा वेळी "जरा मनावर घे" म्हणणाऱ्यांचं ऐकायचं नाही. आणि साधी झोप पण यातच धरा, दिवसभर शिकलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो, त्यामुळं रोज चार तास झोपून "माझं लक्षच लागत नाही" म्हणणाऱ्यानं आधी झोप भरून काढावी आणि मग बाकीचा विचार करावा.

राहिला प्रश्न की हे सगळं करून पण मन नाहीच म्हणत असेल तर? मग कोर्स चुकीचा असू शकतो आणि हे म्हणायला घाबरू नये. फक्त हा निर्णय नापास झालेल्या आठवड्यात घेऊ नका आणि परीक्षेच्या तोंडावर पण नको, कारण तेव्हा पळून जाणं आणि मार्ग बदलणं यातला फरक आपल्यालाच कळत नाही. "दोन वर्षं घालवलीयेत ती वाया कशी जाऊ देऊ" हे कारण धरून राहू नका, गेलेली वर्षं दोन्हीकडून गेलेलीच आहेत, प्रश्न पुढच्या वर्षांचा आहे. एखादा विषय सुटत नाही म्हणून सोडताय की सगळे विषय सुटले तरी ते काम करायची इच्छा नाही म्हणून सोडताय, हे वेगळं काढा, पहिल्यासाठी कोर्स सोडायची गरज नसते. आणि सोडण्याच्या आधी ऑफिसमध्ये जाऊन तीन गोष्टी लेखी विचारा, एक सेमिस्टर किंवा वर्षाचा ब्रेक घेता येतो का, आतापर्यंतचे क्रेडिट किती काळ चालतात, आणि आहे त्याच युनिव्हर्सिटीत दुसऱ्या कोर्सला बदली मिळते का. बरीच मुलं या तीन प्रश्नांची उत्तरं माहीत नसतानाच कॉलेजला जायचं बंद करतात, आणि नुसतं न जाणं हा कागदोपत्री सगळ्यात महागात पडणारा मार्ग असतो, कारण त्यात ब्रेक पण मिळत नाही आणि हजेरी, फी, परीक्षेचा फॉर्म सगळंच अंगावर येतं.